नवा कुकर काढायचाय

शाहूपुरीत पत्ता सांगायला गल्लीचा नंबर पुरतो. पहिली, दुसरी, तिसरी असं मोजत गेलं की माणूस सापडतो. आमच्या गल्लीचा नंबर मात्र मी सांगणार नाही. आण्णा अजून तिथंच राहतात, आणि त्यांच्या खिशात व्हर्निअर असतं.

सदऱ्याच्या खिशात लोक पेन ठेवतात, चष्म्याचं घर ठेवतात, रिटायर झालेले बीपीच्या गोळ्या ठेवतात. आण्णा व्हर्निअर कॅलिपर ठेवतात. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत त्यांनी चौतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली. कास्टिंग समोर आलं की आधी बोटाच्या पेरानं वाजवायचं, कानोसा घ्यायचा, मग मापायचं आणि शेवटी खडूनं फुली मारायची. ‘रिजेक्ट’ म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या माणसाचं समाधान असतं. रिटायर झाल्यावर कास्टिंग यायची थांबली, पण खडू संपला नव्हता. आंब्याची पेटी, मंडळाच्या मांडवाचे वासे, शेजारच्या पोराची नवी सायकल, सगळ्यांवर फुली पडायला लागली. मुलाला सांगून आलेल्या नऊ स्थळांपैकी आठ त्यांनी फोटो बघूनच रिजेक्ट केली. नववी मुलगी सून झाली, कारण तिचा फोटो काकींनी त्यांना दाखवलाच नाही.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती व्यापारासाठी. गुळाच्या सौद्यांवर ही पेठ मोठी झाली. इथं माणसं बाजारात जातात ती दोनच कामांना, घ्यायला नाहीतर विकायला. रोज बाजारात जायचं, मालाची सात पिढ्यांची कुंडली काढायची आणि हात हलवत परत यायचं, हा तिसरा प्रकार आण्णांनी सुरू केला.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सात जन्मांचं मागणं काकींनी आदल्या दिवशी वडाकडं मागून घेतलं होतं. या जन्मातलं किरकोळ मागणं दुसऱ्या दिवशी आण्णांकडं आलं. मी त्यांच्या सोप्यात फुकटचा पेपर वाचत बसलो होतो.

“आवो,” काकी आतून म्हणाल्या, “नवा कुकर काढाय पायजे आता. जुन्याचं बूड फुगलंय. डाळीला सात-सात शिट्ट्या घ्याय लागलाय.”

“काढू की!” आण्णा म्हणाले. दसऱ्याला बुलेट काढणारा माणूस ज्या आवाजात म्हणतो, त्या आवाजात.

संध्याकाळपर्यंत दोनशे पानी वही आली. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली ‘कुकर’, त्याखाली दोन रेघा. दुसऱ्या पानावर इतिहास. आण्णांच्या मते ज्या वस्तूचा इतिहास माहीत नाही ती घरात घेऊ नये. (हाच नियम जावयालाही लागू होता, पण त्यांना मुलगी नाही.) १६७९ साली देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये हे यंत्र केलं. बिडाचं जाड भांडं, वर घट्ट झाकण, आणि भांडं फुटू नये म्हणून वजन लावलेला व्हॉल्व्ह. तीन वर्षांनी त्यानं रॉयल सोसायटीतल्या विद्वानांना त्यातलं जेवण वाढलं, तर हाडंसुद्धा मऊ झालेली. हे सगळं आण्णांनी मला उभ्यानं सांगितलं.

“म्हणजे बघा मास्तर, महाराज हयात होते तवा. इकडं रायगड, तिकडं कुकर.”

“पापँ म्हणजे आपल्या पापाच्या तिकटीचा काय वो?” मी विचारलं.

आण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला आपल्या कपाळावर खडूची फुली जाणवली.

मग भारताचा इतिहास आला. हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही दोन्ही नावं विलायतेची, दोन्ही कुकर आपल्याकडं १९५९ सालापासून बनायला लागले. एकाचं झाकण भांड्याच्या आत जाऊन बसतं, दुसऱ्याचं वरून बसतं. एवढ्या एका फरकावर आण्णांनी वहीची अकरा पानं भरली. आतल्या झाकणाला वाफच खालून दाबून धरते, त्यामुळं कुकर पडल्याशिवाय ते उघडतच नाही. “एकत्र कुटुंबासारखं हाय. आत दाब वाढंल तसं झाकण घट्ट.” वरच्या झाकणाच्या कुकराचं तोंड मोकळं. वरण-भाताचे डबे सरळ आत उतरतात, आणि झाकण बाजूला ठेवलं की साधं पातेलं म्हणूनही चालतो. दोन्ही बाजू इतक्या तोलामोलाच्या निघाल्या की त्या दिवशी निर्णय तहकूब झाला. पुढच्या दिवशी लिटर आले.

लिटरचा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. घरात माणसं दोन. म्हणजे तीन लिटर. पण कुकर कधी काठोकाठ भरायचा नसतो, दोन तृतीयांशाच्या वर जायचं नाही. डाळ, तांदूळ, फेस येणारं काहीही असेल तर निम्म्यावरच थांबायचं, नाहीतर फेस वर चढून वाफेची वाट बंद करतो. म्हणजे तीन लिटरच्या कुकरात डाळ पाण्यासकट दीड लिटर. मुलगा-सून-नातवंडं पुण्याहून दिवाळीला येतात, तेव्हा पाच लिटरचा हवा. ती चार दिवस राहतात. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस पाच लिटरच्या कुकरात दोन माणसांची मूठभर डाळ बुडाशी लोळणार आणि गॅस फुकट जाणार. आण्णांनी वर्षाचा हिशेब मांडला, त्यात लीप वर्षाची वेगळी ओळ घातली आणि निष्कर्षाची जागा मोकळी सोडली.

आता एक सांगायला हवं. स्वयंपाकघरात आण्णा जात नाहीत. चहा सोप्यात येतो, जेवण सोप्यात येतं. २०१९ च्या महापुरात जयंती नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा ते शेवटचे आत गेले होते. काकींनी त्यांच्याकडून पिठाचे डबे, ट्रंका, भांडी, खोकी असं सगळं माळ्यावर चढवून घेतलं. काय काय चढवलं याची नोंद तेव्हा कुणी ठेवली नाही, आणि एकदा वर गेलेलं बरंचसं अजून वरच आहे.

तर स्वयंपाकघरात न जाता कुकरचा अभ्यास कसा करायचा? आण्णांनी कानांनी केला. जुन्या कुकराचं बूड त्यांनी पहिल्याच दिवशी परसात धुणं चाललं असताना मापून घेतलं होतं: सव्वातीन मिलिमीटर. दुपारी कुकर लागला तेव्हा ते सोप्यात घड्याळ घेऊन बसले आणि दोन शिट्ट्यांमधल्या अंतराची नोंद केली. सात शिट्ट्या, सगळ्या ओढग्रस्त, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारख्या. आण्णांनी तिथूनच हुकूम सोडला, “शिट्टीखालच्या नळीत कचरा अडकलाय! सुईनं साफ कर!”

“करतो,” आतून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी तीन शिट्ट्या. स्वच्छ, खणखणीत, सारख्या अंतरानं. आण्णांचा आलेख एकदम सुधारला. गल्लीत त्यांनी चौदा घरी जाऊन सुईची महती सांगितली. माझ्या बायकोनं तीन सुया मोडल्या, आमचा कुकर होता तसाच राहिला. “तुमची सुई जाड हाय,” आण्णा म्हणाले.

सुई लागू पडली तरी फुगलेलं बूड काही बसणार नव्हतं, म्हणून तपास चालूच राहिला. रोज सकाळी दहाला आण्णा पिशवी घेऊन निघायचे. व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक करत महाद्वार रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानात पोचायचे ते एकला परत. दुकानाचं नाव घेत नाही. दुकानदार भला माणूस आहे, आणि त्यानं जे सोसलं ते त्याच्या घरच्यांना कळू नये.

पहिल्या दिवशी आण्णांनी अकरा कुकर काढायला लावले, ओळीनं मांडले आणि बोटाच्या पेरानं वाजवले. दुकानदाराला वाटलं कुणी तबलजी आहे. मग व्हर्निअर बाहेर आलं. “बूड किती एमएम?” दुकानदाराच्या तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकानं विचारलेला हा पहिलाच अवघड प्रश्न. त्यानं चहा मागवला. चहा देणं ही त्याची चूक. कोल्हापुरात चहा दिला की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला ऊठ म्हणता येत नाही.

धातूचा विषय निघाला की आण्णा फुलतात. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा दहा पटीहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं, तापतं लवकर आणि सगळीकडं सारखं. पण चिंच-टोमॅटोच्या आंबटपणाला ते भितं, काळं पडतं, वर्षानुवर्षांत खड्डे पडतात. स्टील दिसायला राजबिंडं, आंबटाला दाद देत नाही, पण ज्वाळा जिथं लागते तिथंच तापून डाळ धरतं. म्हणून स्टीलच्या बुडात ॲल्युमिनियमचा थर दाबून बसवतात. “स्टील म्हणजे सरकारी अधिकारी. वरनं चकचकीत, आत काय पोचतच न्हाई. मध्ये ॲल्युमिनियमचा माणूस ठेवाय लागतोय.” हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे ॲल्युमिनियमच, फक्त त्याच्या पृष्ठभागाला विजेच्या प्रक्रियेनं कडक केलेलं. हे सांगताना त्यांनी शेल्फवरचा काळा कुकर असा कुरवाळला की दुकानदाराला वाटलं, आज बिल होणार. आण्णांनी तो उलटा केला, नितळ बुडाकडं बघितलं आणि म्हणाले, “लिहून ठेवतो.”

आठवड्याभरानं मी सहज त्या दुकानात डोकावलो. आण्णांसाठी पंख्याखाली स्टूल आलं होतं. समोर कागलकडचं एक जोडपं, मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेलं. आण्णा त्यांना राधानगरी समजावून सांगत होते.

“राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे हायत का न्हाई? पाणी ठरल्या पातळीला आलं की दार आपोआप उघडतंय. पाणी उतरलं की आपोआप मिटतंय. कोण बटण दाबाय जात न्हाई. कुकरची शिट्टी म्हणजे तेच. आत चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब झाला की वजन उचलतंय, वाफ सोडतंय, परत बसतंय. उघड्या भांड्यात आपल्या कोल्हापुरात पाणी अठ्ठ्याण्णव डिग्रीच्या आसपास उकळतंय, आपण समुद्रापास्नं उंचावर हाय म्हणून. कुकरात तेच पाणी एकशेवीसवर जातंय. म्हणून डाळ लवकर.”

“आणि दार अडकलं तर?” वधूपित्यानं विचारलं. पावसाळा होता, पंचगंगा चढत होती, प्रश्न काळजातला होता.

“तर मग सेफ्टी व्हॉल्व्ह. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी एकोणचाळीस फूट, धोका पातळी त्रेचाळीस. शिट्टी म्हणजे एकोणचाळीस. व्हॉल्व्ह म्हणजे त्रेचाळीस. तो वितळला की समजायचं, पूर आलाय. गॅस बंद. आणि त्या जागी दुसरा बसवायचा तो त्याच कंपनीचा, कुठलाबी खिळा-बिळा ठोकायचा न्हाई.”

वधूमाईनं पदर सावरून विचारलं, “मग घ्यावा कसला?”

“आयएसआयचा शिक्का बघायचा, खाली आयएस दोन हजार तीनशे सत्तेचाळीस लिहिलंय का बघायचं. दोन हजार एकवीसपास्नं त्याशिवाय विकायचाच न्हाई असा नियम हाय. आणि दुसरं, ज्याचं रबर तुमच्या गावात मिळतंय तो कुकर घ्यायचा. बाकी सगळं टिकतंय. रबर टिकत न्हाई.”

त्यांनी पाच लिटरचा घेतला. त्यांच्यामागं राजारामपुरीत खोली घेऊन राहणारा एक विद्यार्थी इंडक्शनसाठी कुकर बघत होता. आण्णांनी दुसऱ्या खिशातून चुंबक काढलं. “बुडाला चिकटलं तर चालंल, न्हाईतर शेगडी नुसती बघत बसंल.” त्यानंही घेतला. दुकानदार माझ्या कानाशी लागला, “मास्तर, आण्णा आले न्हाईत तर गिऱ्हाईक फिरतंय हो परत. रविवारीबी या म्हणून सांगा की तुम्ही.”

जुलैअखेर आण्णांच्या सल्ल्यानं विकल्या गेलेल्या कुकरांची संख्या दोन आकडी झाली होती. वहीत ती नोंदही होती, पण आण्णांच्या स्वतःच्या नावापुढं अजून रेघच होती. रेघेमागं एक खरी अडचण होती, ती म्हणजे मटण. कुकरात मटण घालावं की नाही, यावर आमच्या गल्लीत दोन तट आहेत. तालमीतल्या मंडळींच्या मते मटण कुकरात घालणं म्हणजे पैलवानाला पाळण्यात घालणं. पातेल्यात मंद आचेवर शिजलं, अळणी पाणी वेगळं निघालं, तरच पांढऱ्या रश्श्याला अर्थ. आण्णा सिद्धान्तानं पातेल्याकडचे, पण त्यांचे दात कुकराकडचे. दोन रविवार यावर चर्चा झाली. रविवारचं मटण मात्र दोन्ही वेळा लुसलुशीत होतं. “पातेल्यातलं हाय,” आण्णा बोट चाटत म्हणाले, “ओळखाय येतंय.” आत काकींना ठसका लागला.

शिट्ट्या मोजू नयेत, असंही आण्णांचं एक मत झालं होतं. कुकराबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात लिहिलेलं असतं: पूर्ण दाब आला की आच कमी करायची आणि मिनिटं मोजायची. शिट्टी म्हणजे जादाची वाफ, तिचा शिजण्याशी संबंध नाही. शास्त्रानं हे अगदी बरोबर आहे. ते मी काकींना सांगितलं, तेव्हा त्या दोरीवर चादर टाकत होत्या.

“मिनिटं मोजाय घड्याळापुढं उभं ऱ्हायाय लागतंय,” काकी म्हणाल्या. “शिट्टी कशी, मी हितं धुणं वाळत घालतो, तिकडं पाणी भरतो, दारात भाजीवाल्याशी भांडतो, तरी कानावर येतीय. तीन झाल्या की जाऊन गॅस बंद करतो. तुमच्या आण्णांचं काय, त्यांना बसून मोजाय येतंय.”

मी मास्तर आहे. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या पोराची पद्धत बरोबर निघावी तसं मला झालं. आण्णांना मी हे सांगितलं नाही. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

गौरी आल्या. पूजनाच्या दिवशी सकाळी आण्णा इस्त्रीचा सदरा घालून माझ्याकडं आले. “ठरलं,” ते म्हणाले. “तीन लिटर. आतलं झाकण. हार्ड ॲनोडाइज्ड. बूड सव्वातीन. जुन्याएवढंच.” तीन महिन्यांचा तपास संपला होता. त्यांचा आवाज थोडा पडला होता. पोरीची पाठवणी करणाऱ्या बापाचा पडतो तसा. “आज गौरीपुढं सांगतो हिला, आणि उद्या जाऊन घेतो.”

आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकींनी आतूनच हाक मारली, “मास्तर, जरा पुरणयंत्र फिरवाय या. हात भरून आलाय माझा.” मी आत गेलो. हरभऱ्याची डाळ शिजून निथळत होती, कटाच्या आमटीचा वास सुटला होता, आणि शेगडीवर पाच लिटरचा, लख्ख, स्टीलचा कुकर बसला होता. मी मागच्या दाराकडं बघितलं. उंबऱ्याबाहेर जुना कुकर होता. त्यात कोथिंबीर वीतभर उगवली होती.

मी काहीच बोललो नाही. पण मी बराच वेळ बोललो नाही, त्यामुळं आण्णा आत आले. २०१९ नंतर पहिल्यांदा.

“हा कुठला?”

“माळ्यावरचा. पोराच्या लग्नातला आहेर. तीन आल्यात, खोकी पण फोडली नव्हती. मोठ्या पुरात तुम्हीच की वर चढवलासा.”

“काढला कवा?”

“त्याच दिवशी. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. गॅसवाल्या पोराला स्टुलावर चढवून. मी म्हणालो नव्हतो काय तुम्हाला, नवा कुकर काढाय पायजे म्हणून?”

“काढाय म्हणजे...” आण्णा अडखळले. “बुलेट काढतात तसं. घ्याय पायजे असं.”

“मी घ्याय म्हणालो नव्हतो. काढाय म्हणालो.”

आण्णा पाटावर बसले. वही उघडून त्यांनी सुईचं पान काढलं. सातवरून तीनवर आलेला तो आलेख. बराच वेळ बघितलं आणि वही मिटली. मी पुरणयंत्राचा दांडा जोरात फिरवायला लागलो, त्यात पुरण उरलं नव्हतं तरी.

मग हळूहळू त्यांचा हात खिशाकडं गेला. झाकण उचललं, वाजवलं, कानोसा घेतला. बुडाला व्हर्निअर लावलं. काही बोलले नाहीत, म्हणजे माप बरोबर असावं. झाकण उलटं केलं. रबराच्या कडेनं बोट फिरवलं, एका जागी थांबवलं, परत फिरवलं, आणि तीन महिन्यांत गेलेलं सगळं तेज त्यांच्या तोंडावर परत आलं.

“रबर कडक झालंय! इतकी वर्षं माळ्यावर उन्हात तापून. हितनं वाफ सुटत असणार.”

“सुटतीय की थोडी,” काकी पोळी लाटता लाटता म्हणाल्या. “तेवढं बघून आणा. एकाच दुकानात घेऊ नका, चार दुकानं हिंडा. घाई काय न्हाई.”